दोर ‘भटकतो’ तेव्हा : ‘रीव्ह’ या इंग्रजी सागरी क्रियापदाचे एक प्रकरण

शिडाच्या जहाजावरील दोरकामाची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणण्याचे काम चालू होते आणि पहिला खर्डा तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या खर्ड्यात एक वाक्य असे होते : ‘ओढायचा दोर वरच्या कप्पीतून भटकतो व खाली येऊन खुंटीला बांधला जातो.’ मूळ इंग्रजी वाक्याचा पहिला भाग ‘द फॉल इज रोव्ह थ्रू द अपर ब्लॉक’ असा होता. दोन पानांनंतर ‘फायद्यासाठी भटकलेली कप्पी’ भेटली आणि लाकडी होडीच्या प्रकरणात ‘तांब्याचे खिळे व भ्रमणे’ अशी एक अगम्य जोडी आली. तिन्ही ठिकाणी मुळात एकच स्पेलिंग होते, ‘रोव्ह’, आणि तिन्ही ठिकाणी भाषांतरकाराने त्याचा अर्थ एकाच जागेवरून उचलला होता.

भाषांतरकार निष्काळजी नव्हता. त्याने शब्दकोश पाहिला होता आणि नेमकी तिथेच फसगत झाली. इंग्रजी कोशात ‘रोव्ह’ उघडले की सर्वांत आधी ‘हिंडणे, भटकणे’ हे क्रियापद येते. समुद्र, चाचे, दूरचे प्रवास यांच्याशी त्या अर्थाचे साहचर्य इतके जुने आहे की जहाजावरच्या पुस्तकात तो वाचकाला खटकतही नाही. त्याच पानावर खाली ‘रीव्हचे भूतकाळी रूप’ अशी एक ओळ असते. मात्र ‘रीव्ह’, म्हणजे दोर ओवणे, असे काही क्रियापद आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याची नजर त्या ओळीवर थांबण्याचे कारण नाही. शिवाय त्या ओळीमागे जाऊन कोणी ‘रीव्ह’ उघडलेच, तरी तिथे मध्ययुगीन इंग्लंडमधला गावकारभारी पुढे येतो. ‘शेरिफ’ या शब्दात दडलेला ‘रीफ’ तोच. या कारभाऱ्याचा आपल्या क्रियापदाशी काहीही संबंध नाही.

चूक दुरुस्त करणे सोपे होते. पण ती तशीच दुरुस्त करून पुढे गेलो असतो, तर पुस्तिकेत पुढे उभे राहिलेले आणखी दोन पेच सुटले नसते. म्हणून प्रकरण सविस्तर मांडतो.

आधी व्याकरणाची साक्ष. ‘भटकणे’ या अर्थाचा ‘रोव्ह’ हा नियमित धातू आहे. त्याचा भूतकाळ ‘रोव्ह्ड’, भूतकृदन्तही ‘रोव्ह्ड’. त्यामुळे ‘इज’च्या पुढे नुसते ‘रोव्ह’ आले असेल, तर ते या धातूचे रूप असूच शकत नाही. तिथे ‘रोव्हिंग’ किंवा ‘रोव्ह्ड’ यायला हवे होते. ‘इज रोव्ह’ हा कर्मणी प्रयोग आहे, म्हणजे ‘रोव्ह’ हे कृदन्त आहे, आणि जो शब्द स्वतःच कृदन्त आहे त्याचे मूळ रूप वेगळे असणार, एवढे अनुमान जहाजाविषयी काडीचीही माहिती नसताना करता येते. कोशात शब्द शोधण्यापूर्वी त्याचे वाक्यातले काम ओळखावे, हे शाळेत शिकवले जाते आणि घाईत सर्वांत आधी तेच सुटते.

ही साक्ष सगळीकडे इतकी स्पष्ट मिळत नाही, हेही सांगायला हवे. ‘दे रोव्ह द सीज’ आणि ‘दे रोव्ह द हॅल्यर्ड्स’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली तर घडण तंतोतंत सारखी दिसते : कर्ता, क्रियापद, कर्म. पहिल्यात ‘ते समुद्र पालथे घालतात’ असा वर्तमानकाळ आहे. दुसऱ्यात ‘त्यांनी शिडे चढवायचे दोर ओवले’ असा भूतकाळ आहे. धातू वेगळा, काळ वेगळा, आणि अक्षर मात्र एकही वेगळे नाही. इथे कर्म काय आहे हे पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. समुद्र पालथा घालता येतो, दोर पालथा घालता येत नाही.

आता धातू. ‘रीव्ह’ म्हणजे दोराचे टोक एखाद्या भोकातून, कडीतून किंवा कप्पीतून एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढणे. छापील इंग्रजीत तो १६२७ सालापासून सापडतो. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या कॅप्टन जॉन स्मिथ यांच्या नौकानयनावरील पुस्तकात तो खलाशांचा शब्द म्हणून नोंदला आहे. हे स्मिथ म्हणजे व्हर्जिनियाच्या वसाहतीच्या इतिहासात भेटणारेच. शब्दाचे मूळ निश्चित नाही. शीड आखडून बांधणे या अर्थाच्या ‘रेव्हन’ या डच क्रियापदाकडे बोट दाखवले जाते, पण आखडणे आणि ओवणे यांतला दुवा जरा ओढूनताणून जोडल्यासारखा वाटतो.

रूपे अशी आहेत : वर्तमानकाळी ‘रीव्ह’ आणि ‘रीव्ह्ज’, चालू क्रियेसाठी ‘रीव्हिंग’, भूतकाळी ‘रोव्ह’ किंवा ‘रीव्ह्ड’, कृदन्तासाठी पुन्हा ‘रोव्ह’ किंवा ‘रीव्ह्ड’, आणि क्वचित ‘रोव्हन’. उलट क्रियेला, म्हणजे ओवलेला दोर काढून घेण्याला, ‘अनरीव्ह’ म्हणतात आणि त्याचे भूतकाळी रूप ‘अनरोव्ह’. खलाशी ‘रीव्ह’चा कर्म म्हणून कधी दोर घेतात, कधी कप्पी, आणि कधी कर्म अजिबात नसते, दोरच कर्ता होऊन ‘द रोप रीव्ह्ज थ्रू अ ब्लॉक’ असे वाक्य होते.

मराठीत याला ‘ओवणे’ हा शब्द आहे, आणि तो जितका तपासावा तितका चपखल ठरतो. आपण ‘सुईत दोरा ओवतो’, आणि डोळ्यांना नीट दिसेनासे झालेली आजी मात्र नातवाला ‘एवढी सुई ओवून दे रे’ म्हणते, म्हणजे कर्म दोऱ्यावरून सुईवर सरकते. दोर ओवणे आणि कप्पी ओवणे ही इंग्रजी खलाशाची दोन्ही वाक्ये त्यामुळे मराठीत विनासायास बसतात. ‘घालणे’ हा शब्द भाषांतरकाराने नंतर सुचवला होता, पण घातलेली वस्तू आतच राहू शकते. ओवलेली पलीकडून बाहेर आलेली असते. ‘गोवणे’ जवळचा वाटतो, तरी त्यात अडकवण्याची छटा आहे आणि माणसे गुन्ह्यात गोवली जातात. राहिली शंका एवढीच, की मणी, फुले आणि सुई यांच्या सहवासात वाढलेला हा नाजूक शब्द मनगटाएवढ्या दोराला शोभेल का. जहाजांच्या दोरकामात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त गृहस्थांना मी हे विचारले. ते म्हणाले, “अहो, जाडीचं काय घेऊन बसलात? या बाजूनं टोक घालता, त्या बाजूनं काढता, मग ओवताच आहात की.”

अकर्मक वाक्यात मात्र ‘ओवणे’ चालत नाही. दोर स्वतःहून ओवत नाही, तो ‘कप्पीतून जातो’. इथे इंग्रजी एका धातूवर निभावते तिथे मराठीला दोन लागतात, आणि ते तसेच असू द्यावे.

एकाच पुस्तिकेत दोन भूतकाळ

दुसरा पेच मूळ इंग्रजीच्या शुद्धतेविषयी निघाला. शिडांच्या प्रकरणात सर्वत्र ‘रोव्ह’ होते; पण तारेचे दोर, विंच आणि उचलण्याच्या यंत्रांविषयीच्या प्रकरणात तेच कृदन्त ‘रीव्ह्ड’ असे छापले होते. पुस्तिकेच्या शेवटी इंग्रजी-मराठी शब्दसूची द्यायची होती. संपादकांचे म्हणणे असे पडले की एका क्रियापदाची दोन भूतकाळी रूपे म्हणजे मूळ लेखकाची नजरचूक आहे, सूचीत एकच रूप ठेवावे, आणि ते ‘रीव्ह्ड’ असावे, कारण ते नियमित आहे. भाषांतरकाराचे मत याच्या अगदी उलट होते : ‘रोव्ह’ जुने, म्हणून अस्सल, ‘रीव्ह्ड’ ही अलीकडची मोडतोड.

माझ्या मते दोघेही चुकीच्या कारणांवर उभे होते. ‘वीव्ह–वोव्ह–वोव्हन’ यासारख्या क्रियापदांतला स्वरबदल प्राचीन इंग्रजीपासून चालत आलेल्या धातूंचा आहे. ‘रीव्ह’ला असा प्राचीन इंग्रजी पूर्वजच ज्ञात नाही. म्हणजे ‘रोव्ह’ हा वाडवडिलांचा ठेवा नसून शेजाऱ्यांकडे पाहून उचललेली लकब आहे. भाषेत हे नवे नाही. ‘स्ट्राइव्ह’ हा धातू जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि ‘ड्राइव्ह–ड्रोव्ह’कडे पाहून त्याने ‘स्ट्रोव्ह’ हे रूप घेतले. अमेरिकेत ‘डाइव्ह’चा भूतकाळ बरेच लोक ‘डोव्ह’ असा करतात तोही याच ओढीने. जहाजावर तर या ‘ओव्ह’चे एक लहानसे कुटुंबच आहे. ‘हीव्ह’ हे क्रियापद जमिनीवर ‘हीव्ह्ड’ होते. पण जहाज वाऱ्यात तोंड धरून थांबवले की ते ‘होव्ह टु’ असते आणि क्षितिजावर दिसू लागले की ‘होव्ह इन साइट’. होडीची फळी आत फुटली तर ती ‘स्टोव्ह इन’ झाली म्हणतात, कारण ‘स्टेव्ह’चा भूतकाळ ‘स्टोव्ह’. त्यात स्वयंपाकाच्या स्टोव्हचा काही दोष नाही. ‘क्लोव्ह हिच’ या गाठीच्या नावातही ‘क्लीव्ह’ म्हणजे दुभंगणे या धातूचे जुने रूप अडकून राहिले आहे, मसाल्यातली लवंग नव्हे.

म्हणून प्रश्न जुन्या-नव्याचा नाही, कोण बोलतो आणि कशावर काम करतो याचा आहे. दोर, शीड आणि लाकडी कप्पी यांच्या जगात ‘रोव्ह’ घट्ट बसला आहे. तोच धातू क्रेनवर चढला, तारेचा दोर हुकाच्या कप्पीतून चार-सहा पदरी फिरवण्याला ‘रीव्हिंग’ म्हणू लागले, आणि अभियंत्यांच्या लिखाणात त्याचे कृदन्त ‘रीव्ह्ड’ झाले. शब्द एका धंद्यातून दुसऱ्यात जातो तेव्हा सोबत अर्थ नेतो, पण लकबी मागे ठेवतो. मी त्या निवृत्त गृहस्थांना कोणताही सिद्धान्त न सांगता फक्त विचारले, की तुम्ही काय म्हणता. उत्तर आले, “दोर कप्पीत असला की रोव्ह. तार क्रेनवर असली की रीव्ह्ड. का ते मात्र मला विचारू नका.”

मूळ लेखकाने नेमके हेच केले होते, बहुधा त्यालाही न कळत. त्यामुळे इंग्रजी मजकूर एकसारखा करण्याची सूचना मी नाकारली आणि सूचीत दोन्ही रूपे ‘रीव्ह’खाली दिली, त्याशिवाय ‘रोव्ह’ची स्वतंत्र नोंद करून ती ‘रीव्ह’कडे वळवली, कारण वाचक सूचीत शोधणार ते त्याला पानावर दिसलेले रूप, मूळ धातू नव्हे. ‘रोव्हन’ सूचीत घेतले नाही. पुस्तिकेत ते कुठेही नव्हते, आणि केवळ कोशात आहे म्हणून आणलेला शब्द सूचीत अडगळ होतो.

‘फायद्यासाठी भटकलेली कप्पी’

तिसरा पेच खरा महत्त्वाचा, कारण इथे चुकीचे भाषांतर केवळ हास्यास्पद राहत नाही. ‘रोव्ह टु ॲडव्हान्टेज’ आणि ‘रोव्ह टु डिसॲडव्हान्टेज’ हे दोन ठरीव वाक्प्रचार आहेत. पहिली दुरुस्ती म्हणून भाषांतरकाराने ‘फायदेशीरपणे ओवलेली’ आणि ‘तोट्यात ओवलेली’ असे लिहून पाठवले. शब्दाला शब्द बरोबर होता, तरीही वाचणारा त्यावरून काहीच करू शकला नसता. उलट ‘तोट्यात’ म्हणजे चुकीच्या पद्धतीने, असा ग्रह होऊन त्याने चांगली मांडणी मोडून ठेवली असती.

पुस्तिकेत उदाहरण ‘लफ टॅकल’चे होते. टॅकल म्हणजे भार ओढण्यासाठी दोर ओवून केलेली कप्प्यांची जोडणी. यात एक कप्पी दोन चाकांची आणि दुसरी एका चाकाची असते. दोराचे एक टोक एकेरी कप्पीला पक्के बांधतात. तिथून दोर दुहेरी कप्पीच्या पहिल्या चाकावरून, मग एकेरीच्या चाकावरून, मग दुहेरीच्या दुसऱ्या चाकावरून बाहेर येतो, आणि हे बाहेर आलेले टोक माणसे ओढतात. आता भाराबरोबर हलणारी, म्हणजे चल कप्पी कोणती, यावर सगळे अवलंबून असते. दुहेरी कप्पी चल असेल तर तिच्यावर दोराचे चार पदर ओढ लावतात आणि ओढीचा फायदा चौपट मिळतो. एकेरी कप्पी चल असेल तर पदर तीनच आणि फायदा तिप्पट. पहिली मांडणी ‘ॲडव्हान्टेज’ची, दुसरी ‘डिसॲडव्हान्टेज’ची. दुसरीही चुकीची नाही. उंचावर स्थिर कप्पी टांगून खाली डेकवर उभे राहून दोर खाली ओढायचा असेल, तर तीच सोयीची पडते, कारण ओढायचे टोक वरच्या स्थिर कप्पीतूनच खाली यायला हवे असते.

समजा भार १२० किलोचा आहे. घर्षण नसते तर पहिल्या मांडणीत ३० किलोची आणि दुसरीत ४० किलोची ओढ पुरली असती. घर्षणापोटी दर चाकामागे भाराचा दहावा हिस्सा वाढवून धरायचा, हा नाविकांचा ठोकताळा लावला तर तीन चाकांचे ३६ किलो वाढून हिशेब १५६ वर जातो; चारने भागता ३९, तीनने भागता ५२. हाच टॅकल उलटा लावला की दोराच्या टोकाशी १३ किलोचा फरक पडतो. ‘फायदेशीरपणे’ या क्रियाविशेषणाला हे सांगता येत नाही.

आणि इथे ‘रोव्ह’ची खरी गंमत आहे. मांडणी बदलताना ओवण्यात काहीच बदलत नाही. दोर त्याच टोकाला बांधलेला असतो, त्याच तीन चाकांवरून त्याच क्रमाने जातो. बदलते ते एवढेच, की संपूर्ण टॅकल उलटे टांगले जाते. म्हणजे वाक्प्रचारात ‘रोव्ह’ असले तरी तो ओवण्याची रीत सांगत नसून लावण्याची दिशा सांगतो. ओवणे त्यात फक्त नावापुरते उरले आहे. धातूचा अर्थ एकदा पक्का कळला की तो जिथे सापडेल तिथे तोच बसवण्याचा मोह होतो, आणि मलाही झाला होता. माझ्या पहिल्या टिपणात ‘जास्त पदर पडतील अशी ओवणी’ असे शब्द होते. दोन कप्प्या आणि सुतळी घेऊन टेबलाच्या पायाला बांधून पाहिल्यावर, ओवणी जागच्या जागी ठेवून नुसती टोके अदलाबदल केली की पदर बदलतात हे दिसले, आणि ते टिपण रद्द केले. अंतिम मजकुरात ‘ओढायचा दोर चल कप्पीतून बाहेर येईल अशा रीतीने टॅकल लावावे’ असे लिहिले आणि दुसऱ्या प्रकारासाठी ‘स्थिर कप्पीतून’. फायदा-तोटा हे शब्द गेले, चार आणि तीन हे आकडे मात्र कंसाबाहेर, वाक्यातच आले.

तांब्याच्या ‘भ्रमणां’चा उलगडा दोन ओळींचा आहे. फळीवर फळी चढवून बांधलेल्या होडीत तांब्याचा खिळा आरपार ठोकतात, त्याच्या आतल्या टोकावर तांब्याची लहान चकती बसवतात आणि टोक छाटून चकतीवर ठोकून पसरवतात. त्या चकतीला ‘रोव्ह’ म्हणतात. तो नाम आहे, त्याचा भटकण्याशी नाही तसा ओवण्याशीही संबंध नाही. चकतीतून खिळा ‘ओवला’ जातो हा योगायोग कितीही लोभस वाटला तरी. मराठीत ‘तांब्याचे खिळे व चकत्या’ असे ठेवले.

शेवटचा प्रश्न छपाईला जायच्या बेतात असताना आला. जुना दोर बदलून नवा घालण्याची कृती पुस्तिकेत होती. डोलकाठीच्या टोकाशी असलेल्या कप्पीपर्यंत कोणी चढत नाही. जुन्या दोराच्या टोकाला नव्या दोराचे टोक समोरासमोर ठेवून दोऱ्याने शिवतात, जोड जाड होणार नाही अशी काळजी घेतात, नाहीतर तो कप्पीच्या तोंडाशी अडकतो, आणि मग जुना दोर सावकाश ओढून घेतात. त्यावर इंग्रजी वाक्य होते : ‘द न्यू हॅल्यर्ड इज रोव्ह ॲज द ओल्ड वन अनरीव्ह्ज’. एकाच वाक्यात एक कर्मणी कृदन्त आणि एक अकर्मक वर्तमानकाळ, दोन्ही एकाच धातूची, एक सुलट आणि एक उलट. भाषांतरकाराने या वेळी कोश उघडला नव्हता, कागदावर फक्त दोन रेघांमध्ये लिहिले होते : ‘जुना दोर कप्पीतून निघत जातो, तसतसा नवा ओवला जातो.’ मी त्यात काही बदलले नाही.